जेवणाच्या सुट्टीतला दिवा

"वनाभाऊ, जेवले का नुसतेच पडले?" दाराआडून कोकिळाबाईंनी विचारलं.

"जेवलो," वनाभाऊ म्हणाले आणि कूस बदलली.

दुपारी एक ते दोन टेस्टिंगच्या खोलीत त्यांना सहसा कोणी हाक मारत नसे. खोलीला एकच खिडकी, तिच्यावर काळं कापड. बोर्डावरचे बारीक दिवे लागले की नाही ते नीट दिसावं म्हणून ते लावलेलं. बाहेर जळगावच्या एमआयडीसीवर एप्रिलचं ऊन पांढरंफटक पडलेलं असे, पत्रे तडतडत असत, आणि आत मात्र सदाचीच दिवेलागण. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास, भाजलेल्या राळेचा वास. भिंतीलगत दोन खोकी उलगडून वनाभाऊंनी अंथरूण केलं होतं. त्यावर पाठ टेकली की कूलरचा आवाज हळूहळू बोरी नदीचा होई. मग नदीवरचा पूल येई, पुलापलीकडे अमळनेरातलं त्यांचं रेडिओदुरुस्तीचं जुनं दुकान, फळीवर ओळीनं मांडलेले रेडिओ, आणि प्रत्येक रेडिओच्या पोटात कोणीतरी हलक्या आवाजात बोलत असलेलं. दुकान बंद करून बारा वर्षं झाली होती. दुपारच्या झोपेत ते रोज उघडत असे.

गेले काही महिने या झोपेत एक लाल ठिपका येऊ लागला होता. कधी तो राखेखालचा निखारा असे, कधी लांब गेलेल्या एस.टी.च्या मागचा दिवा. कधी नुसताच, कशाचाही नसलेला. जाग आली की वनाभाऊ तो विसरून जात.

त्या दिवशी हाकेमुळे झोप पुरती लागली नाही. डोळे अर्धवट उघडे होते, कूलर अजून कूलरच होता, आणि ठिपका समोर दिसत होता. एक नव्हे, आठ. टेबलाच्या कडेला ओळीनं आठ अंधुक लाल दिवे. वनाभाऊंनी डोळे मिटले, पुन्हा उघडले. ठिपके हलले नाहीत.

ते उठून बसले. टेबलाजवळ जाऊन त्यांनी एका ठिपक्यासमोर करंगळी धरली. बोटाच्या पेरावर फिकट लाल उजेड पडला. बोटावर उजेड पडतोय म्हणजे हे स्वप्न नव्हे. पण हे दिवे लागायलाच नको होते. त्यांना वीज पुरवणारी पट्टी त्यांनी स्वतःच्या हातानं एक वाजता बंद केली होती.

रतिलालभाऊंच्या त्या शेडमध्ये पूर्वी स्टॅबिलायझर बनत. गेल्या वर्षापासून, म्हणजे अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर, पुण्याच्या एका कंपनीसाठी यूएसबी हब बनू लागले होते. तळहाताएवढी डबी, संगणकाच्या एका भोकात ती लावायची, की तिला पुढं चार वस्तू जोडता येतात. डबीला वीज पुरवायला स्वतंत्र अडॅप्टर. बोर्ड आणि जोडणीचा नकाशा पुण्याहून येई. इथं कोकिळाबाई धरून सहा बाया त्यावर भाग बसवून डाग देत, म्हणजे सोल्डरिंग करत, आणि वनाभाऊ एकेक बोर्ड संगणकाला लावून तपासत. बोर्ड चालला तर हिरव्या ट्रेमध्ये. नाही चालला तर पर्ची भरून लाल ट्रेमध्ये.

पर्चीवर कारागिराचं नाव आणि तीन रकाने होते: सोल्डरिंग दोष, पार्ट दोष, इतर. शेवटच्या दोहोंपैकी कशावरही खूण केली तर पुण्याला सविस्तर खुलासा लिहावा लागे. वनाभाऊंना लिहिण्याचा कंटाळा. बहुतेक वेळा दोष सोल्डरिंगचाच निघे, म्हणून खूणही तिथंच होई.

जानेवारीपासून रोज दोनतीन बोर्ड लाल ट्रेमध्ये जाऊ लागले, आणि ते सगळे एकाच हातचे निघू लागले. झुंबरबाईंच्या.

झुंबरबाई नशिराबादच्या. वय सेहेचाळीस. नऊ वर्षं शेडमध्ये होत्या, स्टॅबिलायझरच्या काळापासून. बाकीच्या बाया दुपारपर्यंत पंचवीस बोर्ड करत, त्या वीस करत. पण त्यांचा डाग पाहायला नव्या पोरींना मुद्दाम पाठवलं जाई. तो चपटा नसे, गोळाही नसे. पायाशी पसरून वर निमुळता होत गेलेला. त्यांचा ट्रे नेहमी सर्वांत शेवटी येई, जेवणाच्या तोंडावर.

"वनाभाऊ, झुंबरबाईंचं काय चाललंय हे?" मार्चमध्ये रतिलालभाऊंनी विचारलं होतं. हातात पुण्याचा फॅक्स होता. "एका महिन्यात बेचाळीस पर्च्या. सगळ्या त्यांच्या. कंपनी म्हणते, कारागीर बदला नाहीतर काम दुसरीकडं देतो."

"लाल ट्रेमधल्या बोर्डांचे डाग कोकिळाबाई परत भाजतात," वनाभाऊ म्हणाले होते. "दुसऱ्या दिवशी सकाळी मी लावतो, तर चालतात."

"म्हणजे डाग कच्चाच."

"दिसतं तसंच."

त्याच संध्याकाळी झुंबरबाईंना थांबायला सांगितलं गेलं. त्यांनी वाद घातला नाही. अंगावरचा कामाचा निळा कोट काढला, त्याची घडी घातली. मग टेस्टिंगच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, खरंच माझे डाग उघडे राहू रायले का?"

वनाभाऊंना त्यांच्याकडं बघवलं नाही. ते संगणकाच्या पडद्याकडं बघत म्हणाले, "मशीन सांगतंय, बाई. मी काय सांगणार?"

झुंबरबाईंनी मान हलवली आणि त्या गेल्या. त्यानंतर आठवडाभर सगळं सुरळीत चाललं, असं म्हणायची सोय नव्हती. लाल ट्रे पुन्हा भरू लागला. आता त्यात कोकिळाबाईंचे बोर्ड होते. झुंबरबाई गेल्यावर जेवणाच्या तोंडावर शेवटचा ट्रे कोकिळाबाईंचा येत असे. पण या गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघण्याचं वनाभाऊंना सुचलं नव्हतं. कोकिळाबाई मात्र धास्तावल्या होत्या. काही ना काही निमित्तानं त्या दिवसातून दोनदा दाराशी येत, तशाच आजही आल्या होत्या.

वनाभाऊंनी मीटर घेतलं. अडॅप्टरची पट्टी बंद. तरी बोर्डावर दोन व्होल्टच्या आसपास काटा हलला. त्यांनी त्या बोर्डाची संगणकाकडं जाणारी वायर उपटली. दिवा विझला, काटा शून्यावर आला. वायर परत लावली. दिवा परत, तसाच मरतुकडा.

संगणक ते जेवणाच्या सुट्टीतही चालू ठेवत. बंद केला तर सुरू व्हायला फार वेळ घेई आणि कधी सुरूच होत नसे. अडॅप्टरची पट्टी मात्र बंद करायची सक्त ताकीद होती, कारण जानेवारीच्या सुरुवातीला एक अडॅप्टर वितळला होता. म्हणून जेवायच्या आधी वनाभाऊ पट्टी बंद करत, शेवटी आलेल्या ट्रेमधले आठ बोर्ड संगणकाला जोडून ठेवत, आणि आडवे होत. दोन वाजता उठल्याबरोबर पट्टी चालू केली की आठांची तपासणी आयतीच होई. दिवसभर मात्र त्यांचा क्रम उलटा असे: आधी अडॅप्टरची पिन, मग संगणकाची वायर.

त्यांनी पट्टी चालू केली. आठही दिवे लख्ख झाले. पण पडद्यावर पाचच बोर्ड उमटले. तीन नुसतेच दिवा लावून बसले, बोलेनात.

एरवी त्यांनी इथं पर्ची ओढली असती. आज त्यांनी तिन्ही बोर्डांच्या सगळ्या वायरी काढल्या, दिवा पूर्ण विझू दिला, मनाशी वीस आकडे मोजले. मग आधी अडॅप्टर. मग संगणक. तिन्ही बोर्ड पडद्यावर उमटले.

पुन्हा आधी संगणक, मग अडॅप्टर. दोन बोर्ड मुके. पुन्हा आधी अडॅप्टर. बोलके.

कोणी कुठं भाजलं नव्हतं, कोणी डागाला हात लावला नव्हता.

वनाभाऊ स्टुलावर बसले. बाहेर बायांच्या बोलण्याचा आवाज येत होता, कोणाच्या तरी डब्यातल्या लसणाच्या चटणीवरून चेष्टा चालली होती. तो आवाज फार लांबून, पाण्याखालून आल्यासारखा वाटत होता. त्यांना एवढंच दिसत होतं, की ते झोपलेले आहेत, त्यांच्या उशाशी झुंबरबाईंचे आठ बोर्ड तासभर धुमसत आहेत, आणि उठल्यावर ते डोळे चोळत पर्ची भरत आहेत. एका महिन्यात बेचाळीस वेळा.

रतिलालभाऊ चार वाजता आले. घरची केळीची बाग, स्वभाव उतावळा. वनाभाऊंनी त्यांना अंधाऱ्या खोलीत बसवून सगळं दाखवलं. पहिल्यांदा त्यांना कळलं नाही.

"वीज बंद आहे आणि दिवा लागतो, म्हणजे काय, भूत आहे?"

"तुमच्या मळ्यात दोन विहिरींची पाइपलाइन एकात एक सोडलीय ना, भाऊ?"

"आहे. मग?"

"समजा, तुमची मोटर बंद आहे आणि थोरल्या भावाची चालू आहे. तुमच्या पाइपात थोडं पाणी येतं की नाही?"

"येतंच. उलटं येतं. म्हणून तर ते अडवायला मधे वॉल बसवला."

"इथं वॉल नाही. संगणकाचं पाणी या बारक्या रेझिस्टरमधून चिपच्या पायात शिरतं आणि मागच्या दारानं सगळ्या बोर्डात पसरतं. चिप ना जागी, ना झोपलेली. मग आपण अडॅप्टर चालू करतो. चिपला वाटतं, आपण जागेच आहोत. ती पहिल्यापासून सुरुवातच करत नाही. पूर्ण विझली असती तर केली असती."

रतिलालभाऊंनी बोर्ड हातात घेऊन उलटासुलटा केला. "म्हणजे नकाशाच चुकलाय. पुण्याचा."

"हो."

"आणि दुरुस्ती?"

"हा एवढा तांब्याचा पट्टा कापायचा. इथून इथं एक तार ओढायची. वॉलच्या जागी एक डायोड. तोपर्यंत प्रत्येकाला सांगायचं, आधी अडॅप्टर, मग संगणक."

"भले," रतिलालभाऊ म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "काम वाचलं म्हणायचं. आजच फॅक्स करतो."

"आणि झुंबरबाई?"

रतिलालभाऊ दारापर्यंत गेले होते. ते थांबले. वाईट माणूस नव्हता तो. त्यांना खरंच तेव्हाच आठवलं असावं.

"बोलावू की. पण काय सांगून बोलावू? फॅक्स आला तेव्हा मी त्यांना सगळ्यांसमोर बोललो होतो." त्यांनी कपाळ पुसलं. "तुम्हीच जा, वनाभाऊ. तुमचं ऐकतील."

घरी त्या रात्री ताटावर बसून वनाभाऊ भाकरीचा तुकडा हातात धरून राहिले. कुंदाबाईंना नवऱ्याच्या तंद्रीची सवय होती. लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि त्यांतली निम्मी वर्षं हा माणूस समोर बसून दुसरीकडंच असे. पण ही तंद्री निराळी होती.

"काय व्हयनं?" त्यांनी विचारलं. "आज कोठे गयात ताटवर बठीसन?"

"एक बाईनं नाव मी खराब करं," वनाभाऊ म्हणाले. मग त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना पहिल्यांदाच त्यांना आपण काय बोललो होतो ते ऐकू आलं: मशीन सांगतंय.

कुंदाबाईंनी ताटात वरण वाढलं. "मंग जाईसन सांगी या."

"आते सांगीसन काय व्हई?"

"तिले समजी तरी," कुंदाबाई म्हणाल्या.

पुण्याचा फॅक्स चार दिवसांनी आला. दोन ओळींचा. पुढच्या खेपेपासून सुधारित बोर्ड पाठवत आहोत, तोवर आहेत त्या बोर्डांवर सुचवलेला बदल करून घ्यावा. बेचाळीस पर्च्यांबद्दल त्यात काही नव्हतं. त्या पर्च्या पुण्याच्या कुठल्यातरी कपाटात झुंबरबाईंचं नाव घेऊन पडल्या होत्या आणि तशाच पडून राहणार होत्या.

रविवारी सकाळी वनाभाऊ नशिराबादला उतरले. हायवेवरून गावात शिरताना ऊन अंगावर चढत होतं. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक बोर्ड होता. लाल ट्रेच्या तळाशी राहिलेला, झुंबरबाईंच्या पर्चीसकट. पुरावा म्हणून घेतला होता की भेट म्हणून, हे त्यांचं त्यांनाच नक्की ठाऊक नव्हतं.

झुंबरबाई घराच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर होत्या. चार बाजांवर ओली धोतरं अंथरून त्यांवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड घालणं चाललं होतं. सून खालून शिजलेल्या ज्वारीच्या पिठाचं पातेलं आणून देत होती. झुंबरबाई ओल्या हातानं गोळा थापत, गोल फिरवत, पुढं सरकत. डोळ्यांवर चष्मा होता. पूर्वी नव्हता.

"या भाऊ," त्या म्हणाल्या. चकित झाल्या असतील तर तसं दिसलं नाही. "असे उनात कसे काय आले? बसा, सावली हाये तिकडं."

सुनेनं वाटीत गरम पीठ आणि वर तेल घालून दिलं. वनाभाऊ बाजेच्या सावलीत बसून ते खाऊ लागले. तीळ आणि मिरचीचा वास वर येत होता. खालच्या बोळातून कोणीतरी सायकल रेटत जात होतं. गोल पांढऱ्या बिबड्यांच्या रांगा उन्हात हळूहळू अपारदर्शक होत चालल्या होत्या. क्षणभर वनाभाऊंना वाटलं, इथंच बसून राहावं, काही बोलू नये, वाळणं बघत राहावं.

"चष्मा कधी लागला?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याकडून आली ना, मंग. म्हटलं डोळेच गेले असतील. डॉक्टर म्हने, जवळचा थोडा नंबर हाये, या वयात राहतोच. पन मले काही पटलं नही." त्यांनी पुढचा गोळा घेतला. "आता सुई मी ओवत नही. तांदूळ निवडायचे तर सुनेकडे देते. खडा राहिला तर घरात सगळ्यांच्या दातांखाली येईन."

वनाभाऊंनी वाटी खाली ठेवली.

"झुंबरबाई, तुमचा डाग कच्चा नव्हता."

त्या थापत राहिल्या. वनाभाऊ सांगत गेले. दिवा, संगणक, उलटं येणारं पाणी, आधी काय आणि मग काय. मधेच ते अडखळले, मग एका दमात बोलून गेले. "तुमचा ट्रे शेवटी यायचा. मी तो जेवायच्या आधी लावून ठेवायचो आणि झोपायचो. म्हणून तुमचेच बोर्ड मरायचे. दोष नकाशाचा होता, आणि माझ्या झोपेचा. पर्च्या मी भरल्या."

झुंबरबाईंचा हात थांबला.

"तुमी झोपायचे ते आमाले सगळ्यांले माहीत होतं," त्या म्हणाल्या. "आमी बाया आवाज कमी करायचो."

वनाभाऊंनी पिशवीतून बोर्ड काढला, कागद सोडवला आणि पुढं केला. "हा तुमच्या हातचा. शेवटच्या आठवड्यातला. चालतो. मी स्वतः लावून पाहिला."

झुंबरबाईंनी हात पाण्यात बुचकळले, पदराला पुसले. बोर्ड उन्हात धरला. चष्म्यातून पाहिलं, मग चष्मा काढून बाजूला ठेवला आणि पुन्हा पाहिलं. बोर्ड तिरपा करून त्यांनी एकेका डागावरून नजर फिरवली, आणि वनाभाऊंना तो निळा कोट, ते टेबल, नऊ वर्षांची ती वाकलेली मान सगळं दिसलं.

"हा माझा नही," झुंबरबाई म्हणाल्या.

"पर्चीवर तुमचं नाव आहे."

"राहीन. पर्ची चुकून बदलली असन. हा कोकिळेचा. ती तार डावीकडून कापते, ही पाहा शेंडी राहिली. मी अशी ठेवत नही." त्यांनी बोर्ड परत दिला. "पन चांगला हाये. हात सुधरला तिचा."

सून जिन्यावर उभी राहून ऐकत होती. झुंबरबाईंनी तिला पातेलं भरून आणायला सांगितलं. ती गेल्यावर म्हणाल्या, "शेठनं बोलावलं का?"

"हो. उद्यापासून या म्हणाले."

त्यांनी पुढचा गोळा थापायला घेतला. एक अख्खी रांग घालून झाली.

"उद्या येईन," शेवटी त्या म्हणाल्या. "मी माझ्या हातानं करीन. तुमी ते माझ्यासमोर लावजा. पहिले तसंच, झोपायच्या आधी लावायचे तसं. मंग दुसऱ्या रीतीनं. मले माझ्या डोळ्यांनी पाहू द्या."

सोमवारी त्या पावणेनऊलाच आल्या. बायांनी त्यांना मधे घेतलं, कोणी हसलं, कोकिळाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. झुंबरबाई फार बोलल्या नाहीत. निळा कोट घातला, जुन्या टेबलाशी बसल्या, कावीळ झालेल्यासारख्या पिवळ्या बल्बखाली मान वाकवली. चष्मा त्यांनी आणलाच नव्हता. बाराच्या सुमारास रतिलालभाऊ एकदा येऊन लांबूनच बघून गेले.

एकला पाच मिनिटं कमी असताना त्यांनी वीस बोर्डांचा ट्रे आणून वनाभाऊंच्या पुढ्यात ठेवला. आज बाया डबे उघडून बसल्या नाहीत. वनाभाऊंनी पट्टी बंद केली. वरचे आठ बोर्ड घेतले, त्यांच्यावर अजून तार ओढलेली नव्हती. एकेक संगणकाला जोडला. दार लोटून घेतलं.

काळोख हळूहळू डोळ्यांना सरावला, आणि आठ लाल दिवे दिसू लागले. राखेखाली असावेत तसे. झुंबरबाई स्टुलावर बसल्या होत्या. त्यांच्या गालावर, नाकाच्या कडेवर, मांडीवरच्या हातांवर तो लाल उजेड पडला होता. कूलर वाहत होता. वनाभाऊंना वाटलं, इतके दिवस आपण हे एकट्यानंच, तेही झोपेत पाहत होतो.

"केवढं शांत दिसू रायलं," झुंबरबाई हलकेच म्हणाल्या. "अन हेच मुळावर आलं."

वनाभाऊंनी पट्टी चालू केली. दिवे लख्ख झाले. पडद्यावर सहा बोर्ड उमटले.

"दोन मेले," झुंबरबाई म्हणाल्या.

"मेले नाहीत." त्यांनी सगळ्या वायरी काढल्या. दिवे विझले. वीस आकडे त्यांनी या वेळी मोठ्यानं मोजले. मग आधी अडॅप्टरच्या पिना, मग संगणकाच्या वायरी. पडद्यावर एकेक करत आठ ओळी आल्या.

झुंबरबाई पडद्याजवळ गेल्या. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण ओळी मोजता येत होत्या. त्यांनी बोटानं मोजल्या.

"परत करा."

वनाभाऊंनी परत केलं. मग तिसऱ्यांदा. मग उरलेले बारा. तोवर दोन वाजून गेले होते. त्या दुपारी कोणी झोपलं नाही, आणि जेवण झालं ते उभ्याउभ्या.

संध्याकाळी पाचपर्यंत झुंबरबाईंनी आणखी एकवीस बोर्ड केले. सुट्टीच्या वेळी रतिलालभाऊ टेबलाजवळ आले. त्यांनी घसा साफ केला.

"झुंबरबाई, माझी चूक झाली. मी सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून आता सगळ्यांसमोर सांगतो."

"बरं झालं सांगतलं," झुंबरबाई म्हणाल्या.

"मग उद्या येताय ना?"

"उद्या जमायचं नही भाऊ. कुरडयांचा गहू भिजत घातला हाये."

"मग परवा?"

"पाहू."

त्यांनी कोटाची घडी घातली, डबा पिशवीत टाकला, कोकिळाबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. दारातून जाताना वनाभाऊंकडं पाहून म्हणाल्या, "कुंदाबाईंले सांगजा, कुरडया झाल्या का पाठवते." आणि नशिराबादची गाडी गाठायला त्या भराभर चालू लागल्या.

त्या परवा आल्या नाहीत, आणि त्यानंतरही आल्या नाहीत. रतिलालभाऊंनी दोनदा निरोप पाठवला. कुरडया मात्र आल्या, मे महिन्यात, कोणाच्या तरी हाती, जुन्या साडीच्या फडक्यात बांधून.

पण त्या सोमवारी हे अजून कळायचं होतं. त्या वेळी शेड रिकामी झाली होती आणि वनाभाऊ दिवे बंद करत करत झुंबरबाईंच्या टेबलाशी येऊन थांबले होते. टेबल पुसलेलं होतं. तारांचे तुकडे डबीत भरलेले होते. इस्त्रीसारखी तापणारी ती बारीक सोल्डरगन स्टँडवर ठेवलेली होती, बटण बंद. जाण्याआधी त्यांनी तिचं टोक ओल्या स्पंजावर पुसून घेतलं होतं आणि त्यावर कथिलाचा ताजा थर चढवला होता, म्हणजे उद्या जिच्या हातात ती येईल तिला टोक काळं पडलेलं मिळू नये. थर अजून ओला होता, पाऱ्यासारखा चमकत होता. वनाभाऊ वाकून बघत राहिले. थोड्या वेळानं त्याची चमक मंदावली, त्यावर करडी साय धरली आणि तो गोठला. मग त्यांनी शेवटचा दिवा बंद केला.